बधनाभर पाणी

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. त्याच दिवसांत अम्मीने नळाखाली वुजू करणे बंद केले आणि माळ्यावरचा जुना बधना खाली काढला. पुढे पाऊस झाला, टाक्या भरल्या. बधना मात्र परत माळ्यावर गेला नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत, असे सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये आले आहे. मुद म्हणजे दोन्ही हातांची ओंजळ भरेल एवढे माप. बहुतेक हिशेबांनी लिटरभराच्या आतले. नळ सुरू ठेवला तर किती पाणी जाते, हे माझ्या मुलाने खाली बादली ठेवून मोजले. सहा लिटर भरले! एका वेळी पाच लिटर वाचले, तरी आमच्या सहा माणसांच्या घरात पाच नमाजांचे मिळून दिवसाला 150 लिटर होतात.

वुजूच्या पाण्यात साबण नसतो. आम्ही ते घमेल्यात धरतो आणि अंगणातल्या पेरूला घालतो. त्या निमित्ताने मुले फजरनंतर मोबाइलऐवजी झाडाकडे जातात. कोणत्या फांदीवर बुलबुल बसतो, खार कुठून उतरते, हे आता त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले, तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, अशी हदीस आहे. म्हणून अम्मी पेरूवर जाळी टाकू देत नाही. निम्मे पेरू पोपट नेतात. ती म्हणते, "नेऊ द्या. आपल्याच नावावर जमा होतंय."