ठिपका

भाच्याचा फोन रविवारी सकाळी येतो, म्हणजे त्याच्याकडे टेक्सासात शनिवारची रात्र. या वेळी पिस्तुलाचं विचारत होता. कमरेला लपेल एवढं, वर लाल ठिपका दाखवणारी काच बसवलेलं. माझं समुद्रपुरात चष्म्याचं दुकान. मला पिस्तुलातलं काय कळतं? पण त्याची तक्रार काचेची निघाली. "मामाजी, दुकानात तीन काचा पाहिल्या. तिन्हींत ठिपका गोल नाही, स्वल्पविराम दिसतो. माल खराब असेल का?"

मी म्हटलं, तुझा सिलिंडर किती ते आधी सांग.

*

त्याला आठवेना. जुन्या नंबराच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. उजवा डोळा, सिलिंडर मायनस सव्वा, ॲक्सिस १७०. चष्मा लावतो तो फक्त रात्री गाडी चालवताना.

सिलिंडर म्हणजे डोळ्याचं वळण सगळीकडे सारखं नसणं; असल्या डोळ्याला रस्त्यावरचा दिवा शेपटीसकट दिसतो, मग हा ठिपका कसा गोल दिसेल? खात्री करून घ्यायला सोपी युक्ती आहे. डोळ्याच्या जागी मोबाइलचा कॅमेरा धरायचा आणि फोटो काढायचा. फोटोत ठिपका गोल आला तर खोट डोळ्यात, काचेत नाही. त्याने दुकानात परत जाऊन काढला. गोल आला, कुंकवाच्या टिकलीसारखा.

*

त्या काचेला सगळे भिंग म्हणतात. खरं तर तो वक्र, अर्धवट आरसा. मागे बारीकसा एलईडी असतो, त्याचा लाल उजेड काचेवर आतून पडतो. कोटिंग तेवढा लाल रंग डोळ्याकडे परत धाडतं आणि बाकीचं जग आरपार येऊ देतं. वळण असं दिलेलं की परतणारे किरण समांतर यावेत. त्यामुळे ठिपका हातातल्या काचेवर न दिसता दूर लक्ष्यावर टेकल्यासारखा दिसतो, आणि डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी लक्ष्य फारसं सोडत नाही. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५मध्ये असा विजेवरचा ठिपका बाजारात आणला.

साध्या पिस्तुलावर पुढे माशी असते आणि मागे खाच. खाच, माशी, लक्ष्य या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या अंतरावर, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर लागतो. चाळिशी उलटली की आतलं भिंग ताठरतं आणि हातभर अंतरावरची माशी धूसर होते. ठिपक्यात ही कसरतच नाही. लक्ष्याकडे बघत राहा, ठिपका तिथे येतो. माझ्या धंद्याच्या भाषेत हा पिस्तुलाला लावलेला चष्माच. भाचा चव्वेचाळीसचा आहे.

*

ठिपक्याचं माप एमओएमध्ये सांगतात, म्हणजे अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर एक एमओए साधारण २.९ सेंटिमीटर. सहा एमओएचा ठिपका दहा मीटरवर पावणेदोन सेंटिमीटर झाकतो, तीनचा त्याच्या निम्मा. तीनचा बारीक, पण उन्हात शोधावा लागतो. घाईत सहाचा बरा. सिलिंडरवाल्याला झगझगीत ठिपका आणखी फिसकटून दिसतो, म्हणून उजेड कमी ठेवायचा. हे मी त्याला सांगितलं आणि मग वाटलं, आपण कशासाठी सांगतोय?

*

ताईचा फोन मांडगावहून. "तू त्याले नाई म्हण. सहा वर्साची पोरगी हाय घरात अन् ह्याले पिस्तोल पायजे. कायले पायजे रे?" म्हटलं, ताई, मी फक्त काचेचं बोललो. ती म्हणाली, "तू काचेचंच बोलतोस जलमभर."

*

त्याची यादी दोनवर आली आहे. सिगचं पी ३६५ एक्सएल आणि ग्लॉकचं ४३ एक्स एमओएस. दोन्ही नऊ एमएमची, दोन्ही साधारण इंचभर जाडीची, दोन्हींच्या स्लाईडला काच बसवायची जागा कारखान्यातूनच कापून येते. सिगच्या मॅगझिनमध्ये बारा, ग्लॉकच्या दहा. रिकामं सिग सहाशे ग्रॅमच्या आतबाहेर. अर्धा किलो तूरडाळीची पुडी दिवसभर पँटीत खोचून फिरायचं म्हटल्यावर काय वाटेल?

मला एक गोष्ट त्याच्याकडून नवी कळली. लपवताना नळी आड येत नाही, ती पँटीत खाली जाते. मूठ आड येते. वाकलं की शर्टातून मुठीचा कोपरा उठतो. म्हणून लोक आखूड मूठ घेतात, मग करंगळीला जागा उरत नाही, पकड ढिली पडते आणि हलकं पिस्तूल हातात उसळतं. तो दुकानात दोन्ही धरून आला. करंगळी दोन्हींवर बसली. मी म्हटलं, चष्म्याच्या फ्रेमचंही असंच, आरशात शोभते ती नाकावर टिकतेच असं नाही.

*

काच उघडी की बंद? उघड्या प्रकारात एलईडी वाऱ्यावर असतो. कपड्यांचा तंतू, घाम, पावसाचा थेंब त्यावर बसला की ठिपका फुटतो. बंद प्रकार डबीसारखा, थोडा बोजड. अंगाशी ठेवायचं असेल तर बंदच घ्यावी असं मी ठामपणे सांगितलं. दिवसभरात माझ्याकडे येणारे निम्मे चष्मे नुसते पुसायला येतात, लोक शर्टाच्या टोकाने काचा कशा घासतात ते मी बघतो.

सेल नाण्याएवढा. सीआर १६३२ म्हणजे १६ मिलिमीटर रुंद, ३.२ जाड, नावातच माप. काही मॉडेलांत तो काचेच्या तळाशी असतो, बदलायचा तर काच उतरवायची आणि नेम पुन्हा जुळवायचा. काही बाजूने बदलता येतात. ते घ्यावं. वर्षातून एकदा वाढदिवसाला सेल बदलायचा असं तो म्हणतो. कुणाच्या वाढदिवसाला, ते मी विचारलं नाही.

*

इथे कुठलं पिस्तूल घ्यावं हा प्रश्न कुणाला पडतच नाही. नऊ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोर, सामान्य परवान्यावर मिळत नाही. उरतं ते बहुतेक बत्तीस बोर. त्यातही पिस्तुलाचं बत्तीस वेगळं आणि रिव्हॉल्व्हरचं वेगळं, काडतुसं एकमेकांत चालत नाहीत. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४मध्ये 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, बायकांसाठी म्हणून, अर्ध्या किलोच्या आसपास वजन, सव्वा लाखाच्या जवळपास किंमत, दागिन्यांच्या पेटीसारख्या मखमली डब्यात. दिल्लीत सामूहिक बलात्कारानंतर मरण पावलेल्या त्या मुलीच्या आठवणीने नाव ठेवलेलं. मखमलीचा डबा कुणाच्या डोक्यातून आला कोण जाणे.

आपल्याकडे निवड दुकानाच्या काउंटरवर होत नाही, वर्ध्याला जिल्हाधिकाऱ्यांकडच्या अर्जात होते. १९५९चा शस्त्र कायदा, २०१६चे नियम, पोलिसांची चौकशी, प्रशिक्षणाचा दाखला आणि 'गरज काय' हा रकाना. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं. लग्नात आनंदाने बार काढला आणि कुणाचा जीव धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

एक गंमत. अमेरिकेत लपवून बाळगण्यावर किती वाद. आपल्या २०१६च्या नियमांत सार्वजनिक जागी बंदूक पूर्ण झाकलेली आणि ताब्यात असावी असंच लिहिलंय. म्हणजे लपवणं हाच इथला नियम.

*

टेक्सासात १ सप्टेंबर २०२१पासून एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या, कायद्याने आडकाठी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. एच-वन-बी व्हिसावरच्या आपल्या पोरांना मात्र साधारणपणे बंदूक घेताच येत नाही. अपवाद आहेत, त्यातला एक शिकारीच्या परवान्याचा. हरणाच्या शिकारीचा परवाना काढला की दार उघडतं. भाचा आता तिथला नागरिक आहे, त्याला हरणाची गरज नाही.

*

आमच्या घरीही एक बंदूक होती, बाबांची बारा बोर. शेतीसंरक्षणाचा परवाना. तुरीत रोही आणि सोयाबीनमध्ये रानडुकरं, तेव्हाही होती. मी तिच्यातून बार निघालेला दोनदाच ऐकला, दोन्ही हवेत. दसऱ्याला नळीवर कुंकू लागायचं, वर झेंडू. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोत्यात गुंडाळून सायकलला बांधून बाबा ती ठाण्यात जमा करायचे आणि पावती पंचांगात ठेवायचे. बाबा गेल्यावर ती घरात ठेवायची तर माझ्या नावाने नवा परवाना लागला असता. विकली. खोलीतल्या खुंटीच्या खाली भिंतीवर तेलाचा लांबट डाग अजून आहे, दोनदा रंग देऊनही वर येतो.

*

सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यातलं. शाळेच्या सहलीत बापूकुटी बघितली, तिथला चष्मा मला तेव्हापासून आठवतो, पुढे धंदाही तोच निघाला. ३० जानेवारी १९४८ला बापूंवर झाडलं ते पिस्तूलही लहानच होतं. बेरेटाचं १९३४चं मॉडेल, आखूड नऊ एमएम, मॅगझिनमध्ये सात. तीन गोळ्या. तेवढ्या जवळून ना माशी लागते, ना खाच, ना ठिपका.

भाच्याला हे सांगावं असं दोनदा मनात आलं. सांगितलं नाही.

*

त्याने तिथल्या रेंजवर भाड्याने पिस्तूल घेऊन ठिपक्यासह नेम धरून पाहिला. पहिला अर्धा तास ठिपका सापडलाच नाही म्हणे. हात समोर आला की काच रिकामी, मनगट किंचित वर-खाली झालं की ठिपका काचेबाहेर. शिकवणाऱ्याने सांगितलं, हे गोळ्या उडवून शिकायचं नाही, रिकाम्या पिस्तुलावर शिकायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज दहा मिनिटं, महिना-दोन महिने. आणि सापडल्यावर दुसरंच दुःख. ठिपका एका जागी थांबेना. "मामाजी, तो थरथरतो." मी म्हटलं, तो नाही थरथरत. हात माशीच्या वेळीही तेवढाच हलतो, माशी ते दाखवत नाही.

फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मागून पोरगी काहीतरी मागत होती, इंग्रजीत.

*

कुलूपबंद पेटी बोटाच्या ठशावर उघडणारी हवी की आकड्यांची, हे मला विचारलं. आकड्यांची, मी म्हटलं. माझ्या बोटाचा ठसा रेशन दुकानातलं मशीन दर महिन्याला नाकारतं.

*

ताईचा परत फोन. "घेतलं का त्यानं?"

"घेतलं."

"काय घेतलं?"

"चष्मा. सिलिंडर सव्वा, ॲक्सिस १७०. ठिपका आता गोल दिसतो म्हणतो."

"अन् पिस्तोल?"

"महिनाभर विचार करतो म्हणाला."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. ती म्हणाली, थांब, गॅस बंद करून येतो, आणि फोन तसाच ठेवून गेली. मी दुकानाचं शटर अर्धं वर ओढून उभा होतो, जामकडे जाणारी पहिली एसटी थांब्यावर लागली होती.