आधी तंबोरा

महागड्या साउंड सिस्टिमच्या दुकानात गेलं की आधी ड्रम ऐकवतात. मग एखादी परदेशी गायिका, तिचा श्वाससुद्धा मोजता येईल अशी. मी तंबोरा लावायला सांगतो. गाणं सुरू व्हायच्या आधीचा, नुसता. विक्रेता हिरमुसतो, कारण तंबोऱ्यात मिरवण्यासारखं काही नसतं. पण घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा नेमक्या जागी बसला, जवारी खुलली, की खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार वर येतो. स्वयंभू गंधार. तो ज्या स्पीकरातून येतो, तो स्पीकर बरा. बाकी किंमत, वजन, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना वगैरे नंतर बघता येतं.

घरात सीडी प्लेअरची जागा कॉम्प्युटरने घेतली, तेव्हाही परीक्षक तंबोराच होता. कॉम्प्युटर हा तसा गाण्याबिण्यातला प्राणी नव्हे. त्याच्या लेखी गाणं म्हणजे आकडे. सीडीच्या दर्जात एका सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा. माणसाच्या कानाची धाव जेमतेम २०,००० हर्ट्झपर्यंत, त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने घेतले की भागतं, असा त्यामागचा हिशोब. २०२१मध्ये ॲपल म्यूझिकने जादा पैसे न घेता हा दर्जा द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून चांगला आवाज ही श्रीमंतांची मिरास राहिली नाही. गोम पुढे आहे. विंडोजमध्ये सगळे आवाज एकाच मिक्सरमधून जातात. किशोरीताईंचा भूप आणि मेल आल्याची टिंग, दोघं एका पंक्तीला. मिक्सर ४८,००० वर लावलेला असला तर ४४,१०० चा प्रत्येक नमुना तो नव्याने बेतून पुढे धाडतो. प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ दिला की मिक्सर बाजूला होतो आणि फाइलमधले आकडे जसेच्या तसे डॅककडे जातात. डॅक म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी डबी. चांगल्या डॅकचं घड्याळ स्वतःचं असतं, पुढचा माल कधी हवा ते तोच कॉम्प्युटरला सांगतो. डोळे बांधून हा फरक ओळखून दाखव म्हणालात तर माझी छाती होणार नाही. पण टिंग बंद झाली, एवढं मी शपथेवर सांगतो.

१६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. पुण्यात मे महिन्यात पंखा चालू ठेवून त्यातलं किती पदरात पडतं, हा वेगळा विषय.

यंत्र जोडणं एका सुट्टीत उरकतं. खरी खटपट नावांची. ही सॉफ्टवेअरं ज्यांनी केली, त्यांच्या डोक्यात ‘गाणं, गायक, अल्बम’ एवढीच चौकट. आपल्या गाण्यातला राग कुठे लिहायचा? ताल? बंदिश? कंपन्यांनी राग गाण्याच्या नावात कोंबलेला, त्यातही यमनची स्पेलिंगं तीन तऱ्हांची. आणि विलंबित एक फाइल, द्रुत दुसरी. बुवा विलंबित संपवून तबलजीकडे बघतात, लय बदलते, तंबोरा मात्र अखंड चालू असतो. आणि नेमका तिथेच प्लेअर क्षणभर गप्प बसतो. त्या फटीत पाय अडकल्यासारखं होतं. ‘गॅपलेस’ नावाचा पर्याय आधी शोधा, मग केबलींवर पैसे घाला.

‘जॉनर’च्या रकान्यात मी शेवटी प्रहर लिहू लागलो. सगळ्यालाच ‘इंडियन क्लासिकल’ म्हणण्यात काय हशील? आता सकाळ म्हटलं की तोडी, ललत निघतात. आपोआप पुढचं गाणं निवडणारी सोय बंद ठेवली आहे. तिने एकदा भैरवीच्या पाठीवर यमन लावला होता. भैरवीनंतर माणसं चपला शोधतात, हे तिला कोण सांगणार!

केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८च्या तबकड्या आता १,९२,००० नमुन्यांच्या, २४ बिटांच्या फायलींत मिळतात. बाईंचा आवाज तेवढाच, खरखर मात्र अधिक सविस्तर. त्यांची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. पाठवणाऱ्यांनी सोबत कार्ट्रिज आणि सुई दिली, वाजवायचं कसं याची चित्रं वेष्टनावर कोरली. परग्रहावरच्या श्रोत्याला ड्रायव्हर डाउनलोड करावा लागणार नाही.

एवढा सरंजाम मांडून घरात सर्वाधिक वाजतं काय, तर मामाने दिलेल्या कॅसेटींवरून उतरवलेल्या खासगी मैफली. मोनो, सूं सूं करणाऱ्या, कोणत्याही स्ट्रीमिंगवर नसलेल्या. चांगल्या स्पीकरांवर त्यांतली खोली उघडते. कपबशा डावीकडे की उजवीकडे ते मोनोत कळत नाही, पण कप मायक्रोफोनजवळ ठेवलाय हे कळतं. परवा मामा आला होता. मारव्यात मध्येच कोणीतरी जोरात “वा!” म्हणालं.

“मामा, हे तुम्ही ना?” मी विचारलं.

“मागे घे जरा.”

घेतलं. मामाने मांडीवर बोटं मोजत पुन्हा ऐकलं.

“छे! हा समेच्या आधीच दाद देतोय. मी नव्हे.”