आधी तपास, मग पान्हा

बंद पडलेल्या मोटारीपुढे उभे राहिल्यावर पान्ह्याला लगेच हात घालू नये, हा नियम मी कसोशीने पाळतो. कारण घाईघाईने चार नटबोल्ट ढिले केले, की मूळचा दोष कोणता आणि आपल्या हाताने उत्पन्न झालेला कोणता, याचा निवाडा करणे दुर्घट होऊन बसते. प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्बोरेटर आणि पॉइंट असलेल्या जुन्या घडणीच्या गाड्यांवर मी ही विद्या शिकलो. त्यांत प्रत्येक अवयव हाताच्या टप्प्यात असल्यामुळे तपासाची शिस्त आपोआप अंगी बाणत जाते.

पहिला प्रश्न एकच: सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते की नाही? पुरती चार्ज झालेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते. तो आकडा यथास्थित असूनही सेल्फ नुसता ‘टक्’ करून थांबत असेल, तर टर्मिनलांवर साचलेला पांढरा-हिरवा क्षार बहुधा कसूरवार ठरतो. अर्थिंगची केबल आधी सोडवावी, खाण्याच्या सोड्याचे कोमट पाणी ब्रशाने लावावे, फसफस शमली की शिसे उजळेपर्यंत घासावे, पुसून कोरडे करावे, आणि केबली घट्ट बसवून वर व्हॅसलिनचा हलका हात फिरवावा.

इंजिन फिरते पण पेट घेत नाही, असे असेल तर ठिणगी आणि पेट्रोल यांची स्वतंत्र चौकशी करावी लागते. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात बाष्प धरते, आणि प्लगकडे जावयाचा हजारो व्होल्टांचा दाब त्या ओलीच्या वाटेने भलतीकडेच निसटतो. अशा वेळी कोरडे फडके पुरते. उन्हाळ्यात घाट चढताना गाडी थांबली, तर पेट्रोलची तापलेल्या नळीत वाफ होऊन प्रवाह अडलेला असतो. पंपावर ओले फडके ठेवून धीर धरावा. प्लग काढून पाहिला, तर तो इंजिनाची जबानीच देतो: टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन यथायोग्य, कोरडी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल अधिक, आणि तेलकट काळेपणा असेल तर आत ऑइल शिरत आहे.

मात्र प्लग, पॉइंट, कंडेन्सर असे सारे एकदम बदलू नये. एका वेळी एकच बदल करावा. नाही तर गाडी चालू होते, पण निर्दोष भाग बरखास्त होतात आणि खरे कारण दप्तरी नोंदले जात नाही. पॉइंट वारंवार जळत असतील, तर ते पॉलिश पेपरने घासत राहणे म्हणजे फिर्याद दाबणे होय. तेथे कंडेन्सरचीच खातरजमा केली पाहिजे. म्हणून इंजिन गुरगुरू लागले तरी मी तपास आटोपता घेत नाही. गाडी का थांबली होती, हे घरातल्या कोणालाही दोन वाक्यांत समजावून देता आले, तरच बॉनेट लावतो.