१८९०

डब्लिनला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात घरातला बॉयलर बंद पडला आणि १८९०शी ओळख झाली. बॉयलरच्या दारावरच्या स्टिकरवर तो ठळक बसलेला होता: १८९० आणि पुढे सहा आकडे. मला तो १८००चा सख्खा भाऊ वाटला. भारतात १८०० म्हणजे फुकट, इथेही फुकटच. मग भाऊ तरी वेगळा कशाला असेल? पंचवीसेक मिनिटं एकच धून ऐकत थांबलो आणि फोन कट झाला. प्रीपेडमधले पैसे संपले होते.

जन्माने तो लबाड नव्हता. घरोघरी तारेचे फोन असायचे त्या काळातला तो. डब्लिनचा कोड ०१, कॉर्कचा ०२१, गॉलवेचा ०९१; लांबच्या गावी बोलायचं तर दर चढा. १८९० लावला की डोनेगलच्या टोकावरच्या म्हातारीलाही डब्लिनच्या ऑफिसशी बोलायला लोकल कॉलइतकेच पैसे पडायचे. वरचा भार पलीकडच्याने उचलायचा. पाव दरासाठी रात्री अकरानंतर एसटीडी बूथबाहेर रांगेत उभं राहिलेल्यांना या सोयीचं मोल सांगायला नको. त्याचा जोडीदार १८५० एका कॉलचे ठरावीक पैसे घ्यायचा, मग कितीही बोला. १८९० मात्र मिनिटं मोजायचा.

ही मिनिटंच त्याला भोवली. मोबाइल आले, महिन्याच्या पॅकमध्ये बोलायला मिनिटं मिळू लागली. ०१ लावा, ०८७ लावा, पॅकमधून जायचं. १८९० बहुधा पॅकच्या बाहेर. आणि त्याला फोन करायचं कोण? ज्याचं बिल थकलंय, ज्याची हीटिंग बंद पडलीय. ज्याच्या खिशात कमी, तोच होल्डवर जास्त वेळ. मला याचा आजही राग येतो.

इथली दूरसंचार नियामक संस्था कॉमरेग. १८५०, १८९०, ०८१८ आणि ०७६ यांना साध्या लँडलाइन कॉलपेक्षा जास्त आकार घ्यायचा नाही, हा तिचा नियम १ डिसेंबर २०१९ला लागू झाला. १ जानेवारी २०२२ला तर १८५०, १८९०, ०७६ बंदच झाले. उरले दोघं: १८०० फुकट, आणि ०८१८ लँडलाइनच्या भावात, पॅकमध्ये लँडलाइनची मिनिटं असतील तर त्यांतूनच जातो. (१५ने सुरू होणारे महागडे प्रीमियम नंबर वेगळे. त्यांच्या वाटेला नीट दर वाचल्याशिवाय जाऊ नका.)

त्या जुन्या घरात आता सांगलीची एक मुलगी राहते. गेल्या थंडीत तिचा फोन आला, ‘‘दादा, बॉयलरवरचा नंबर लागतच नाहीये.’’ स्टिकर अजून तोच होता. म्हटलं, पहिले चार आकडे काढ, तिथे ०८१८ घाल, पुढचे सहा तसेच राहू दे.

दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला: लागला.