भाईजानचा मराठी मेल

रविवारी सकाळी पुतणीचा फोन आला. "चाचा, अब्बूंचे जुने मेल सापडलेत. पण उघडलं की नुसता कचरा दिसतो. दादीजानला काय लिहायचे ते वाचायचं होतं."

भाईजान २००४ ते २०१० दम्मामला एका कंपनीत होते. त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली. अम्मीही गेली. त्या दोघांमधला पत्रव्यवहार त्या खात्यातच पडून होता. अम्मीला मेल वाचून दाखवायचं काम माझं होतं असं वाटेल, पण ते उलटं होतं. भाईजान उर्दू शाळेत शिकले. माझ्या वेळेपर्यंत अब्बांचं मत बदललं आणि मला मराठी शाळेत घातलं. मला उर्दू अडखळत वाचता येतं. मी फक्त कागदावर छापून आणायचो आणि अम्मी वाचायची. मला ते लिहायचे रोमन अक्षरांत, आमच्या घरच्या दखनीत.

दुपारी पुतणी लॅपटॉप घेऊनच आली. पहिलाच मेल: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग काटे फुटलेलं गोल चिन्ह, मग काहीतरी तिसरंच, पुन्हा तोच ए. सगळा पडदा असा भरलेला.

"हे मराठी आहे," मी म्हटलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

कळतं. संगणक अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. युनिकोडातलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतं आणि त्यातला पहिला बाइट कायम एकच असतो. वाचणाऱ्या प्रोग्रामनं त्याला युरोपातल्या भाषांचा जुना तक्ता लावला, की तो पहिला बाइट रेघवाला ए होऊन दिसतो. दुसऱ्या बाइटचे दोनच प्रकार. सगळी व्यंजनं, काना, ऱ्हस्व वेलांटी यांना चलनाचं ते गोल काटेरी चिन्ह. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडायची खूण आली की जपानी येन. मराठी मजकुरात येन भरपूर सांडलेले असतात.

उर्दूचा कचरा वेगळा. तिथं अक्षराला दोनच बाइट. आडवी काट मारलेला ओ आणि डोक्यावर रेघ असलेला यू यांची रांग लागते. अरबीतही तेच दोघं. पण चे, गाफ, बडी ये अशी अक्षरं आली की यूच्या डोक्यावरची खूण बदलते. म्हणजे न वाचता सांगता येतं की मजकूर उर्दू की अरबी. पुतणी हसली. म्हणाली, "कचऱ्याची पण जात असते तर."

मेनूत जाऊन टेक्स्ट एन्कोडिंगला युनिकोड निवडलं. पडदा लख्ख झाला. अम्मीला विचारलेली दवाखान्याची चौकशी, हिच्या शाळेची फी, कोणाच्या तरी निकाहला येता येणार नाही म्हणून माफी. एका मेलमध्ये मात्र चौकोन राहिले. तो फॉन्टचा दोष, फॉन्ट टाकला की जातो. संध्याकाळपर्यंत चाळीसेक मेल नीट झाले.

मग २००७ चा तो मेल आला. मला तो न उघडताही माहीत होता.

त्याच्या आधी मी भाईजानना माझे लेख पाठवायचो, छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. त्या फॉन्टमध्ये आतून रोमन अक्षरंच असत, वरून फक्त मराठी रूप चढवलेलं. दम्मामच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, म्हणून त्यांना नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसे. फोनवर चिडवायचे, "तेरी मराठी तो अंग्रेजी में आती है." मग मीच त्यांना युनिकोडचा मराठी कीबोर्ड कसा सुरू करायचा ते सांगितलं होतं.

या मेलमध्ये वर अम्मीसाठी उर्दू आहे. एन्कोडिंग अरबी केलं की ते नीट वाचता येतं. खाली माझ्यासाठी मराठी, आणि तिथं सगळी प्रश्नचिन्हं.

कंपनीचा मेल प्रोग्राम अरबीवर लावलेला होता. अरबीच्या त्या तक्त्यात टे, डाल, गाफसारख्या उर्दू अक्षरांनाही जागा दिली आहे. देवनागरीला एकही घर नाही. असा मजकूर पाठवताना तो प्रोग्राम विचारायचा, की युनिकोड म्हणून पाठवू का आहे तसा पाठवू. भाईजाननी "आहे तसा" निवडलं असणार. मीही तेच निवडलं असतं, वाक्य किती निरागस आहे बघा. मग ज्या अक्षराला जागा नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह बसलं आणि मूळ आकडा पुसला गेला. बाकीचे मेल चुकीचे वाचले जात होते. हा चुकीचा लिहिलाच गेला होता. त्याला आता कुठलंच एन्कोडिंग लागू पडत नाही.

तेव्हा मी फोनवर म्हटलं होतं, भाईजान, परत पाठवा. ते म्हणाले, "जाने दे रे, ऐसेच लिखा था." पुन्हा त्यांनी मराठीत लिहिलं नाही. मीही आग्रह केला नाही.

"अब्बूंना मराठी लिहिता यायचं?" पुतणीनं विचारलं. शाळेत एक विषय होता तेवढंच. बोलायचे आमच्यासारखंच, मिरजेचं. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाला घाबरायचे.

आम्ही दोघं मोजायला बसलो. मोकळ्या जागा, स्वल्पविराम शाबूत आहेत. आकडे त्यांनी इंग्रजीत टाकले म्हणून वाचले: एके ठिकाणी १५०००, एके ठिकाणी २. पहिला शब्द पाच चिन्हांचा, दुसरा चार. "प्रिय" पाचच भरतो, जोडाक्षर जुळवणारी खूण वेगळी मोजायची. माझं नाव चारचं. त्यापुढे साडेसात ओळी. मधला एक शब्द तीन चिन्हांचा आहे आणि तो चार वेळा येतो. पुतणी म्हणते "घर" असेल. घरला दोनच लागतात. "घरी" असू शकेल.

शेवटच्या शब्दापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. तिथं सलग सात प्रश्नचिन्हं आहेत आणि पुढे पूर्णविराम नाही. बाकी प्रत्येक वाक्याला आहे. म्हणजे त्यातलं सातवं बहुतेक खरंच प्रश्नचिन्ह असावं.