टाचेखालची जमीन

कुत्र्याच्या किंवा मांजराच्या पंजाखाली जी जाड, केसविरहित गादी असते, ती सशाच्या पायाला नसते; त्याच्या तळव्यावर दाट, राठ केसांचा थर असतो, त्याखाली पातळ त्वचा असते, आणि टाचेपाशी त्या त्वचेखाली मांस जवळजवळ नसल्याने हाड लगेच हाताला लागते. पाळीव ससा ज्या युरोपीय सशापासून आला, तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील, मऊ जमिनीत बिळे करून राहणारा प्राणी असल्यामुळे ही रचना त्याला पुरेशी होती: भुसभुशीत मातीत किंवा गवतात नखे रुततात, बोटे भार घेतात आणि टाचेवर सतत दाब राहत नाही. कडक, गुळगुळीत फरशीवर मात्र नखांना रुतायला जागा मिळत नाही, भार मागे सरकून टाचेच्या हाडावर येतो, आणि हाड व फरशी यांच्यामध्ये चेपलेल्या त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटून तेथील रक्तपुरवठा कमी होत जातो. प्रथम केस झडतात, मग त्वचा लाल व जाड होते आणि पुढे ती फुटून व्रण पडतो. या विकाराला पशुवैद्यकात पोडोडर्माटायटिस, म्हणजे पायाच्या त्वचेचा दाह, असे नाव असून ससे पाळणारे लोक त्याला सोअर हॉक म्हणतात.

पिठी हे पुण्यातील एका कुटुंबाने नऊ वर्षे सांभाळलेल्या पांढऱ्याशुभ्र, लाल डोळ्यांच्या मादीचे नाव होते. तिच्या आयुष्यातील सहा वर्षे या एका विकाराच्या सोबतीने गेली, त्यामुळे तिचे चरित्र लिहायचे तर ते बऱ्याच अंशी तिच्या पायाखाली वेळोवेळी काय अंथरलेले होते याचेच चरित्र ठरते. ती न्यूझीलंड व्हाइट या जातीच्या वळणाची होती. ही जात मुख्यत्वे मांसासाठी वाढवली गेल्याने पूर्ण वाढीचा प्राणी चार ते पाच किलोंचा होतो, आणि एवढे वजन चार लहान पावलांवर पेलायचे असल्यामुळे टाचेच्या दुखण्याचा धोका अशा सशांना अधिक असतो. मखमली, अतिशय आखूड केसांच्या रेक्स जातीच्या बाबतीत कारण वेगळे आहे: तिच्या तळव्यांवरचे केसही आखूड व विरळ असल्याने नैसर्गिक अंथरूणच अपुरे पडते.

विकत आणताना पिठीसोबत तारेच्या जाळीचा तळ असलेला पिंजरा आला होता. लेंड्या व मूत्र जाळीतून खालच्या ट्रेमध्ये पडते, म्हणून तो स्वच्छ, असे विक्रेत्याने सांगितले होते, आणि स्वच्छतेपुरते ते खरेही होते. जाळीच्या बारीक तारांवर मात्र सगळा भार काही मोजक्या रेषांवर एकवटतो, ही बाब घरात कोणाच्या लक्षात आली नाही. दीड वर्षाची झाल्यावर तिला घरभर मोकळे सोडण्यात आले. ते योग्यच होते, पण घरभर व्हिट्रिफाइड टाइल होत्या. पिंजऱ्याच्या तारेवरून ती काचेसारख्या फरशीवर आली, इतकाच काय तो बदल झाला.

सशाला धोका जाणवला की तो मागचा पाय जमिनीवर जोराने आपटतो; बिळांतल्या सोबत्यांना दिलेला हा इशारा असतो. कुकरची पहिली शिट्टी झाली की पिठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन असा पाय आपटत असे. तिच्या तिसऱ्या वर्षी हे आपटणे हळूहळू बंद झाले आणि तिला आता शिट्टीची सवय झाली असे घरच्यांना वाटले. वस्तुतः पाय आपटणे तिला दुखू लागले होते. ससा हा शिकार होणारा प्राणी असल्याने वेदना लपवणे हा त्याच्या स्वभावाचाच भाग असतो; तो विव्हळत नाही, लंगडतोही क्वचित, केवळ कमी हलतो, पाठ कुबडी करून बसतो, बसल्या जागी भार या पायावरून त्या पायावर टाकतो, आणि फार दुखले तर दात करकरा वाजवतो. या खुणा शांतपणाच्या म्हणून वाचल्या जातात आणि तेवढ्यात महिने निघून जातात.

दुखणे ओळखले ते घरातल्या आजींनी. नखे कापण्यासाठी पिठीला उलटे धरले असता उजव्या टाचेवर नाण्याएवढी केस नसलेली, मध्यभागी काळपट खपली धरलेली जागा दिसली, आणि अंथरुणाला खिळलेल्या पतीची दोन वर्षे शुश्रूषा केलेल्या आजींनी पाहताक्षणी तिला बेडसोर म्हटले. हे निदान फार नेमके होते. शय्याव्रण आणि सशाच्या टाचेचा व्रण यांचे मूळ एकच, हाडाच्या उंचवट्यावरील त्वचेवर न हटणारा दाब. आणि दोन्हींच्या बाबतीत मलमापेक्षा दाब हटवणे हा उपचाराचा गाभा असतो. येथे एक खुलासा आवश्यक आहे: अनेक निरोगी सशांच्या टाचेवर केस बाजूला सारल्यावर गुलाबी, कोरडा, छोटासा घट्टा आढळतो, तो आजार नव्हे, आणि तो नीट दिसावा म्हणून भोवतालचे केस कापणे हे मात्र आजाराला निमंत्रण आहे.

पहिला उपचार चुकला. जखमेवर तेलकट मलम लावून वर घट्ट पट्टी बांधली गेली. मलमाने केस चिकटून त्यांची गादी मोडली, पट्टी मूत्राने भिजून आतली त्वचा मऊ पडली, आणि तीन दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा व्रण वाढलेला होता. त्यानंतर ज्या पशुवैद्यांना सशांचा अनुभव होता त्यांच्याकडे पिठीला नेण्यात आले. त्यांनी प्रथम एक्स-रे काढला, कारण या विकारातील खरा प्रश्न संसर्ग हाडापर्यंत पोचला आहे का, हाच असतो. टाचेच्या टोकावरून पायाची बोटे वळवणारा एक स्नायुबंध कप्पीवरच्या दोरासारखा जातो. संसर्गाने त्याला जागेवर धरणारे तंतू झिजले तर तो बाजूला घसरतो, आणि मग ससा टाच उचलूच शकत नाही, म्हणजे ज्या जागेचा भार कमी करायचा तिच्यावरच तो कायमचा बसतो. पिठीचे हाड आणि स्नायुबंध दोन्ही शाबूत होते.

औषधांच्या बाबतीत ससा हा लहान कुत्रा नव्हे, ही गोष्ट जितकी ठामपणे सांगावी तितकी थोडी आहे. सशाचे पचन अंधांत्रातील, म्हणजे लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्याशी असलेल्या मोठ्या पिशवीतील, उपयुक्त जिवाणूंवर चालते. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन किंवा क्लिंडामायसिन यांसारखी माणसांच्या घरात सहज सापडणारी प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास हे जिवाणू मरून विषारी जिवाणू माजतात आणि ससा दगावू शकतो. दुसरी अडचण पुवाची. सशाचा पू पातळ नसतो, तो चक्क्यासारखा घट्ट असतो, त्यामुळे चीर देऊन त्याचा निचरा होत नाही आणि औषधही त्यात नीट शिरत नाही. पिठीला योग्य प्रतिजैविक, सौम्य जंतुनाशकाने जखम धुणे आणि वेदनाशामक यांवर ठेवण्यात आले. यांपैकी वेदनाशामकाचे महत्त्व सर्वांत कमी ओळखले जाते: वेदनेमुळे ससा खाणे सोडतो, आणि सशाचे आतडे अर्धा दिवस जरी रिकामे राहून मंदावले तरी पायाच्या दुखण्याने नव्हे, पोटाच्या दुखण्याने तो जाऊ शकतो.

उरलेले सर्व काम जमिनीचे होते. टाइलवर आधी रबरी चटई टाकली गेली, तिचे तुकडे पिठीने कुरतडले आणि ते पोटात जाण्याच्या भीतीने ती काढावी लागली. नायलॉनच्या गालिचावर पाय घासला जाऊन त्वचा सोलवटली. टर्किश टॉवेलच्या टाक्यांत नखे अडकली. अखेर आजींनी जुन्या सुती लुगड्यांची जाड गोधडी शिवली. खाली वर्तमानपत्रांचा थर, त्यावर दुमडलेली गोधडी आणि वर वाळलेल्या गवताचा जाडसर थर असा बिछाना तयार झाला. गवतात नखे रुतत, गोधडी भार पसरवी, कागद ओल शोषून घेई. आणि गवत खाण्यासाठीच असल्याने ते कुरतडले गेले तरी बिघडत नसे. अशा चार गोधड्या आळीपाळीने वापरात असत. पावसाळ्यात त्या वाळत नसत, तेव्हा प्रत्येक घडी इस्त्रीने कोरडी केली जाई, कारण ओल्या मऊ अंथरुणापेक्षा कोरडे कडक अंथरूणही बरे म्हणावे इतकी ओल या त्वचेला घातक असते.

हे ज्ञान नवे नाही. इंग्रज कवी विल्यम कूपर याने 1774 पासून इंग्लंडमधील ओल्नी या गावी तीन ससे पाळले होते आणि त्यांची हकीकत 1784 मध्ये 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध केली. ते रानससे होते. मराठीत पाळीव ससा आणि रानससा दोघांनाही ससाच म्हणत असलो तरी रानससा बीळ करत नाही, त्याची पिले डोळे उघडे व अंगावर केस घेऊन जन्मतात, आणि भारतातील रानससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येत असल्याने तो पाळता येत नाही. कूपरच्या पेट्यांचा तळही घाण खाली मातीच्या भांड्यात पडावी असाच होता. पण संध्याकाळी तो सशांना बैठकीत सोडी, आणि तेथील गालिचावर त्यांच्या पायांना पकड मिळते म्हणून ते उड्या मारतात, हे त्याने नेमके टिपले आहे. त्याचा बेस नावाचा ससा तरुणपणीच मेला. धुतलेली पेटी ओली असतानाच त्याला आत सोडले गेले, हेच त्या मृत्यूचे कारण कूपरने दिले आहे. पस नावाचा दुसरा ससा जवळजवळ बारा वर्षे जगला.

वजनाचा भाग घरच्यांना सर्वांत जड गेला. पिठीला पोळीचा तुकडा, बिस्किट आणि गाजर मिळत असे, आणि ते बंद करणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे, असे घरातील लहान मुलीला वाटे. ती मग रोज सकाळी सोसायटीमागून हराळी खुडून, धुऊन आणू लागली. कोथिंबिरीची जुडी सोडल्याच्या आवाजाने धावत येणारी पिठी हराळीच्या पिशवीच्या आवाजानेही येऊ लागली. वर्षभरात तिचे वजन साडेचार किलोंवरून चारच्या आत आले. दर रविवारी टाचेचा फोटो रुपयाच्या नाण्याशेजारी काढला जाई आणि मुलगी वहीत तारखेसह नोंद करी, त्यामुळे व्रण लहान होतो आहे की केवळ तसे वाटते आहे, हे कळे. नखे दर महिन्याला कापली जात, कारण नखे वाढली की बोटे वर ढकलली जाऊन भार पुन्हा टाचेवरच येतो.

पाच महिन्यांनी व्रण भरला, पण केस परत आले नाहीत. तेथे आलेली नवी त्वचा मूळ त्वचेइतकी चिवट कधीच होत नाही. त्यानंतरच्या वर्षांत दोन वेळा, दोन्ही खेपेस पावसाळ्यात, खपली पुन्हा धरली आणि दोन्ही वेळा ती लवकर दिसल्यामुळे थोडक्यात आवरली. 'बरी झाली' हा शब्द घरात कोणी वापरत नसे. 'पाय कोरडा आहे' असे म्हणत. पहिला व्रण भरल्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि गोधडीवर पाय आपटल्याचा दबका आवाज आला. आवाज इतका मंद होता की तो आधी कोणाला कळला नाही. दुसऱ्या शिट्टीला तो पुन्हा आला, तेव्हा आजींनी गॅस बंद केला आणि त्या बाहेर येऊन तिच्याशेजारी खाली बसल्या.

शेवटच्या वर्षी तिच्या पाठीच्या मणक्यांत संधिवात शिरला, ती कान साफ करायला वाकेना, आणि बिछान्याचा थर आणखी जाड करावा लागला. नवव्या वर्षी, माघातल्या एका पहाटे, ती गवतावर आडवी झालेली आढळली. मुलीने वहीत नेहमीच्या रकान्यात तारीख घातली आणि पुढे, इतर रविवारांप्रमाणेच, लिहिले: उजवा पाय कोरडा.