बोलणाऱ्यांचा प्रत्यय

‘स्टार ट्रेक’ चित्रपटांतल्या परग्रहवासीयांसाठी घडवलेल्या क्लिंगॉन भाषेत एखाद्या नामाचं अनेकवचन करायचं, तर आधी ठरवावं लागतं की ते नाम कोणाचं आहे. भाषा वापरू शकणाऱ्याचं असेल तर “पु’” हा प्रत्यय, शरीराच्या अवयवाचं असेल तर “डु’”, आणि उरलेल्या सगळ्या जगाला “मेय”. स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा इथे संबंध नाही. (अक्षरापुढचं ते चिन्ह म्हणजे घशात क्षणभर अडवलेला श्वास.) “पुक़” म्हणजे मूल, “पुक़पु’” म्हणजे मुलं. “ग़ोप” म्हणजे हात, “ग़ोपडु’” म्हणजे हात, एकाहून जास्त. “डुज” म्हणजे जहाज, “डुजमेय” म्हणजे जहाजं.

मी एका तालुक्याच्या गावी कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकवते. या भाषेपर्यंत मला माझा एक जुना विद्यार्थी घेऊन आला. तो आता डीटीपी ऑपरेटर आहे. इंग्रजी पत्रिका, अहवाल जुळवता जुळवता त्याचं इंग्रजी वाचन चांगलं झालं आणि सबटायटल असलेले चित्रपट पाहायची त्याला गोडी लागली. एका रविवारी शाळेत आला तेव्हा १९८४ सालच्या तिसऱ्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटाबद्दल तो हात आवरता न येता सांगत होता. त्यात क्लिंगॉन लोक आपापसांत त्यांच्या भाषेत बोलतात, आणि त्या संवादांचे अर्थ पडद्यावर सगळ्यांसाठी उमटतात. “बाई, तेवढा वेळ ऐकणारेसुद्धा वाचतात,” तो खुणांनी म्हणाला. तेवढा वेळ थिएटरातली सगळी माणसं त्याच्याशी बरोबरीच्या नात्यात असतात, हे त्याने हेरलं होतं. ही भाषा काय आहे ते बघू या, असा त्याचा आग्रह होता. मग आम्ही दोघं बसलो.

भाषेचा कर्ता मार्क ओक्रँड. कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या मूळ रहिवाशांच्या भाषेच्या व्याकरणावर त्याने बर्कली विद्यापीठात १९७७ मध्ये पीएच.डी. केली. त्या भाषेचे बोलणारे उरले नव्हते, जुन्या टिपणांतून तिचं व्याकरण उभं करायचं होतं. पुढे तो अमेरिकेच्या नॅशनल कॅप्शनिंग इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला लागला. दूरदर्शन संचावर बहिऱ्या प्रेक्षकांसाठी संवादांच्या ओळी उमटवणं हे त्या संस्थेचं काम. १९८२च्या ऑस्कर सोहळ्याच्या थेट कॅप्शनसाठी तो लॉस एंजेलिसला गेला होता, तिथल्या ओळखीतून त्याच्याकडे आधी दुसऱ्या ‘स्टार ट्रेक’मधले व्हल्कन भाषेतले संवाद आले आणि मग क्लिंगॉन. त्याचा क्लिंगॉन शब्दकोश १९८५ साली निघाला. हे मी वाचून दाखवलं तेव्हा माझा विद्यार्थी बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. ज्या माणसाच्या पोटापाण्याचा धंदा त्याच्यासारख्यांना वाचायला ओळी देणं हा होता, त्यानेच ही भाषा घडवली होती.

उच्चारांपाशी मराठी माणसाचं घोडं अडत नाही. “डु’”मधला ड आपलाच मूर्धन्य ड, आणि क्लिंगॉनचा “ष”ही जीभ वळवून म्हणायचा. गंमत अशी की ड आहे पण ट नाही. ओक्रँडने मुद्दाम असे आवाज जमवले की प्रत्येक आवाज पृथ्वीवरच्या कुठल्या ना कुठल्या भाषेत सापडावा, पण सगळे एकत्र कुठेच सापडू नयेत. विद्यार्थ्याला उच्चारांत अर्थातच रस नव्हता. त्याला नियम हवे होते.

आणि पहिल्याच नियमापाशी तो थांबला. “पु’” कोणाला लागतो याची यादी शब्दकोशात आहे: क्लिंगॉन, पृथ्वीवासी, रोम्युलन, अँड्रॉइड, काही प्रकारचे यंत्रमानव. प्राणी, वनस्पती, निर्जीव वस्तू यांना तो लागत नाही. त्याने विचारलं, “आपण कशात?”

हा प्रश्न त्याला का पडला हे मला माहीत होतं. त्याच्या गावात त्याला अजून “मुका” म्हणूनच हाक मारतात. आमच्यासारख्या कितीतरी शाळांच्या पाट्यांवर “मूकबधिर” असं लिहिलेलं असतं. मी व्याख्या पुन्हा वाचून दाखवली. तिथे “भाषा वापरू शकणारे” असं आहे. कंठ, जीभ, कान यांचा त्यात उल्लेखच नाही. खुणांची भाषा ही भाषा आहे. तिला स्वतःचं व्याकरण आहे, वाक्यरचना आहे, तिच्यात विनोद होतात, भांडणं होतात, खोटंही बोलता येतं. म्हणजे आमचा सगळा वर्ग “पु’”मध्ये, एकाही मुलाला न वगळता.

मला मग “मेय”ने जास्त गुंतवलं. हा प्रत्यय भाषा वापरणाऱ्यांनाही लावता येतो, पण मग त्यात विखुरलेपणाचा अर्थ येतो: “पुक़मेय” म्हणजे इकडेतिकडे पसरलेली मुलं. अवयवांना तो व्याकरणाने चालत नाही, तरी क्लिंगॉन कवी हा नियम मोडतात असं ओक्रँड नोंदवतो. त्याचं उदाहरण आहे सगळीकडे विखुरलेल्या नाकपुड्यांचं. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे वर्गातली मुलं आली. “झाड” ही खूण एकदा केली की एक झाड. तीच खूण हात सरकवत समोरच्या हवेत वेगवेगळ्या जागी केली की झाडं, आणि कुठे कुठे उभी आहेत तेही त्यातच कळतं. माझी मुलं अनेकवचन आणि विखुरणं एकाच हालचालीत सांगतात. विद्यार्थ्याने “मेय”साठी लगेच तीच हालचाल पकडली आणि पुढचा सगळा धडा आम्ही तशाच खुणांनी केला.

क्लिंगॉनमध्ये हे प्रत्यय लावलेच पाहिजेत असं नाही. “याष विलेग़” म्हणजे आम्ही अधिकाऱ्याला पाहतो, “याष डिलेग़” म्हणजे अधिकाऱ्यांना. क्रियापदाच्या उपसर्गाने संख्या सांगितली, नाम आहे तसं राहिलं. आपणही दगड पडला, दगड पडले असं म्हणतोच. काही नामांना तर अनेकवचनाचा वेगळाच शब्द आहे: थाळी “जेंगवा’” आणि थाळ्या “ङोप”. आणि हा “ङोप” व्याकरणात एकवचनी वागतो.

“पुक़” या शब्दाशी मात्र मी पुन्हा पुन्हा येते. मराठीत मूल “येतं”, नपुंसकलिंगात. तमिळमध्येही “कुळंदै” म्हणजे मूल, आणि त्याचं क्रियापद माणसांच्या वर्गातलं नसतं. क्लिंगॉनचं व्याकरण मूल बोलू लागण्याची वाट पाहत नाही, त्याला पहिल्यापासून भाषावाल्यांत धरतं. मला वाटतं, या बाबतीत ते व्याकरण आपल्यापेक्षा शहाणं आहे. आमच्याकडे मुलं येतात ती बहुधा सहा-सात वर्षांची होऊन. तोवर श्रवणयंत्र, तपासण्या, नवससायास झालेले असतात. भाषा मात्र त्यांना कोणी दिलेली नसते, कारण “खुणा शिकवल्या तर बोलायचं राहील” असं घरच्यांच्या मनात कोणीतरी भरवलेलं असतं. भाषा सहज रुजण्याची ती वर्षं निघून जातात. पुढे आम्ही कितीही कष्ट घेतले तरी ती पूर्ण भरून येत नाहीत.

आता साधनं आहेत. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी आणि प्रशिक्षणासाठी २०१५ साली दिल्लीत केंद्र सुरू झालं. त्याचा पहिला शब्दकोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा होता, २०२१ मध्ये तो दहा हजारांवर गेला. तो मोबाइलवर पाहता येतो. तुमच्या घरात, शेजारात, नात्यात ऐकू न येणारं बाळ असेल तर श्रवणयंत्राचे प्रयत्न जरूर करा, पण त्याच आठवड्यापासून त्याच्याशी खुणांनी बोलायला लागा. आई, बाबा, आजी, सगळ्यांनी शिका.